इंद्रसभेचं पूर्वेकडचं बिऱ्हाड

बटाव्हियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या ‘बिंतांग बेतावी’ या मलाय वर्तमानपत्रात डिसेंबर १९०० मध्ये एक जाहिरात आली. तानाह आबांग भागात, गाड्यांच्या एका कारखान्याशेजारच्या घरात ५ तारखेपासून रोज संध्याकाळी सातला ‘गांबार इदुप’, म्हणजे जिवंत चित्रं दाखवणार, असं तीत म्हटलं होतं. हॉलंडची विशीतली राणी विल्हेल्मिना आणि तिचा नियोजित वर ड्यूक हेंड्रिक यांची हेग शहरातली स्वारी हे खेळातलं खास आकर्षण. पहिल्या वर्गाचं तिकीट २ गुल्डन, दुसऱ्याचं १, तिसऱ्याचं अर्धा. सामान्य माणसासाठी हे दर फारच चढे निघाले. १ जानेवारीला कंपनीला ते मुकाट्यानं खाली आणावे लागले.

तसा हा डच ईस्ट इंडीजमधला पहिला खेळ नव्हे. टॅलबॉट नावाच्या फ्रेंच छायाचित्रकारानं १८९६ मध्येच बटाव्हियात हलती चित्रं दाखवली होती. तरी तिथल्या सिनेमाचा इतिहास सांगणारे बहुधा या जाहिरातीपासून सुरुवात करतात. मला ती सुरुवात अपुरी वाटते. सिनेमा आला तेव्हा जावा, सुमात्रा आणि मलायातल्या लोकांना तिकीट काढून, ऐपतीप्रमाणे वर्गवार बसून, मध्यरात्रीपर्यंत खेळ बघायची सवय आधीच लागली होती. ती लावली नाटकवाल्यांनी. आणि त्या नाटकवाल्यांचं मूळ शोधत गेलं तर आपण येऊन पोचतो मुंबईच्या ग्रँट रोडवर.

जगन्नाथ शंकरशेटांच्या जागेवर १८४६ मध्ये उभं राहिलेलं ग्रँट रोड थिएटर आपल्याला विष्णुदास भाव्यांमुळे ठाऊक असतं. भाव्यांच्या मंडळीनं तिथे १८५३ मध्ये खेळ केले, आणि त्याच वर्षी पारशी मंडळींनीही तिथेच आपलं नाटक लावलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पारशी कंपन्यांनी गुजरातीवरून हिंदुस्तानीकडे मोहरा वळवला, विलायती धर्तीचे रंगवलेले पडदे आणले, उडत्या पऱ्या आणि फाटणाऱ्या जमिनी आणल्या. लखनौच्या अमानतची ‘इंद्रसभा’ हे त्यांचं हुकमी पान. इंद्राच्या दरबारातली परी मर्त्य राजपुत्रावर भाळते, इंद्र कोपतो, शेवटी सगळं गोड होतं. गोष्ट एवढीच, बाकी सगळी गाणी आणि नाच. भाषा न कळणाऱ्यालाही ती रात्र फुकट गेली असं वाटत नसे.

हे नाटकवाल्यांच्या ध्यानात आल्यावर आगबोटीचं तिकीट काढायला कितीसा वेळ लागणार? खुर्शेदजी बालीवालांची व्हिक्टोरिया नाटक मंडळी १८७० च्या दशकाच्या अखेरीस रंगून आणि सिंगापूरला गेली. १८८१ मध्ये तिनं मंडालेला राजा थिबाच्या दरबारी खेळ केले. चारच वर्षांत इंग्रजांनी थिबाचं राज्य घेतलं आणि त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं, ते त्याच्या मरणापर्यंत. रत्नागिरीकर थिबा पॅलेस दाखवतात तेव्हा त्याच्या माणकांच्या गोष्टी सांगतात. या राजानं मुंबईची नाटक कंपनी मंडालेत बसून पाहिली होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

पारशी कंपन्यांच्या मार्गावर पिनांग होतं. मलायाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे इंग्रजी बंदर म्हणजे मलाय, चिनी, तमिळ, गुजराती, अरब आणि युरेशियन लोकांची खिचडी. तिथे या नाटकांना ‘वायांग पार्सी’ हे नाव पडलं. पोरंसोरं गाण्यांच्या चाली गुणगुणू लागली, शब्द मात्र मलायमधले घालून. मग १८८५ च्या सुमारास मामाक पुशी या पिनांगच्या माणसानं जावई बाई कासिमच्या साथीनं स्वतःची कंपनी काढली. परत निघालेल्या एका पारशी कंपनीचे कपडेपडदे त्यानं विकत घेतले, असं परंपरेनं सांगतात. भाषा मलाय, गोष्टी आणि चाली मुंबईच्या. कंपनीच्या नावातही ‘इंद्र’ होता. राजेरजवाड्यांच्या या नाटकाला पुढे ‘बंगसावान’, म्हणजे खानदानी लोकांचं, हे नाव कायमचं चिकटलं.

बंगसावानची एक रात्र कशी असे? संहिता नाही. पडद्यामागे मालक किंवा त्याचा मुख्य माणूस आजच्या गोष्टीचे टप्पे नटांना सांगणार: कोण कोणाला भेटतो, कुठे भांडण, कुठे गाणं. संवाद ज्याचे त्यानं उभ्याउभ्या रचायचे, आपल्याकडे तमाशाच्या वगात रचतात तसे. राजपुत्राचं काम करणारा ‘ओरांग मुदा’ आणि नायिका ‘स्री पांगुंग’ या दोघांच्या जिवावर गल्ला जमे. खालोखाल मान विनोदी नटाचा आणि राक्षस-जिनाचा. पडदे ठरलेले: राजवाडा, बाग, जंगल, गुहा, समुद्र आणि रस्ता. रस्त्याचा पडदा पुढे सोडला की त्याच्यापुढे विनोदी जोडी धुमाकूळ घाले आणि मागे दरबाराची मांडामांड उरकून घेतली जाई. दोन प्रवेशांच्या मधली फट भरायला ‘एक्स्ट्रा टर्न’ असे. त्यात नाच, फॅशनेबल गाणं, नकला, जे चालेल ते. सुरुवातीच्या पायपेटी-तबल्याच्या जागी हळूहळू व्हायोलिन आणि पियानो आले. एका आठवड्यात ‘लैला मजनू’, ‘गुलबकावली’, ‘हॅम्लेट’ आणि मलाक्क्याचा वीर ‘हांग तुआ’ अशी नाटकं ओळीनं लागायची आणि प्रेक्षकाला त्यात काही विसंगत वाटायचं नाही.

आणि स्त्रिया! आपल्याकडे संगीत नाटकात बालगंधर्वांच्या शालूवर महाराष्ट्र जीव ओवाळून टाकत होता, तेव्हा पिनांग-सिंगापूरच्या रंगमंचावर नायिकेचं काम बाई करत होती. तिची अब्रू धड नसते अशी कुजबूज तिथेही होतीच. पण लोक येत ते तिच्याच नावावर.

पिनांगहून या कंपन्या समुद्र ओलांडून सुमात्रातल्या देलीच्या तंबाखूमळ्यांकडे आणि पुढे जावाला जाऊ लागल्या. मळ्यांवर मजूर होते, बाजारात रोकड होती, आणि रात्री करमणूक नव्हती. नाटक कंपनीला याहून काय हवं?

जावात मात्र या नाटकाला वेगळंच रूप आलं. जानेवारी १८९१ मध्ये सुराबायात ‘कोमेडी स्तांबुल’ सुरू झाली. पैसा याप ग्वान ताय या चिनी व्यापाऱ्याचा, रंगमंच ऑग्युस्त माहियू या युरेशियन तरुणाचा. माहियू नट, दिग्दर्शक, गाणी बांधणारा, सगळं एकटाच. नाव इस्तंबूलचं, डोक्यावर तुर्की टोप्या आणि गोष्टी अरबी रात्रींच्या: अलीबाबा, अल्लाउद्दीन. नंतर युरोपातल्या परीकथा आणि ऑपेराही आले. बोली मात्र बाजारातली मलाय, जी सगळ्यांना येत होती आणि कोणाचीच नव्हती.

हे साधं वाटतं, पण डच राजवटीत ते साधं नव्हतं. कायद्यानं माणसांचे तीन खण पाडले होते: युरोपीय, परदेशी पौर्वात्य आणि ‘इनलांडर’, म्हणजे एतद्देशीय. चिन्यांनी ठरवून दिलेल्या वस्तीत राहायचं, प्रवासाला निघताना पास काढायचा. बाप डच आणि आई जावाची अशी गरीब युरेशियन पोरं कागदावर युरोपीय असली तरी गोऱ्यांच्या क्लबात त्यांना कोणी उभं करत नसे. कोमेडी स्तांबुलमध्ये चिन्याच्या पैशावर ही युरेशियन पोरं मलायमध्ये गात होती आणि तंबूत तिन्ही खणांतली माणसं बसत होती. अर्थात एका बाकावर नव्हे. पुढे खुर्च्या, मागे बाकडी, मुसलमान बायकांना वेगळी जागा, शेवटी उभं राहायला मोकळं मैदान. तरी सगळे एकाच विनोदाला हसत होते. डच वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली. मोलकरणी नटांच्या नादी लागतात, पोरं घरातून पैसे चोरून तंबूत जातात, असा बोभाटा झाला. १८९४ मध्ये सुराबाया आणि बटाव्हिया रेल्वेनं जोडले गेले आणि तंबू, पडदे, वाद्यं घेऊन कंपनीला गावोगाव मुक्काम करणं सोपं झालं. याप आणि माहियूंचं फार काळ जमलं नाही. कंपनी फुटली, पुन्हा जुळली, पुन्हा फुटली. नाटक कंपनीच्या नशिबी असतं ते सगळं भोगून माहियू १९०३ मध्ये गेला. त्याच्या मागे ‘स्तांबुल’ या नावाच्या चाली उरल्या. पोर्तुगीज वळणाच्या गिटारवर गायल्या जाणाऱ्या क्रोंचोंग गाण्यांत त्या मिसळून गेल्या.

सिनेमा आला तो याच वाटेनं, याच तंबूंत. फिरती बायोस्कोपवाली मंडळी सर्कशीबरोबर हिंडत, नाटकाच्या मैदानावरच डेरा टाकत. लोक या खेळाला ‘कोमेडी बायोस्कोप’ म्हणत. खेळ म्हटला की तो कोमेडीच. पक्की थिएटरं झाली तेव्हा नाटकातले वर्गही जसेच्या तसे तिथे गेले. सर्वांत स्वस्त जागेचं नाव ‘क्लास कांबिंग’, म्हणजे बकऱ्यांचा वर्ग. काही थिएटरांत तर एतद्देशीयांना पडद्याच्या मागच्या बाजूला बसवत. चित्र उलटं, अक्षरं उलटी, नायकाच्या उजव्या हातातलं पिस्तूल डाव्या हातात. साम्राज्याचा कारभार समजून घ्यायला मला ही बैठकव्यवस्था पुरेशी वाटते.

सरकारची खरी काळजी मात्र वेगळी होती. नाटकातला राजा जादूच्या देशातला असे, त्यानं काहीही केलं तरी गव्हर्नर जनरलचं काही बिघडत नव्हतं. सिनेमात मात्र गोरा माणूस चोऱ्या करताना दिसू लागला, गोरी बाई परपुरुषाचं चुंबन घेताना दिसू लागली, आणि ते बघायला तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढून कुली बसलेला. साहेबाचा दरारा राहणार कसा? १९१६ पासून चित्रपटांची सरकारी तपासणी सुरू झाली.

स्वतःची कथा सांगणारा पहिला चित्रपट निघायला १९२६ उजाडलं. बांडुंगमध्ये हॉयव्हेलडॉर्प आणि क्रूगर्स या दोघांनी सुंदानी लोककथेवरून ‘लुतुंग कासारुंग’ काढला. शापित राजपुत्र काळं माकड होऊन राजकन्येला भेटतो, अशी ती गोष्ट. बांडुंगच्या रीजंटनं, म्हणजे तिथल्या देशी सरदारानं पाठबळ दिलं; त्याच्या घरातल्या मुलींनीही कामं केली. ३१ डिसेंबर १९२६ ते ६ जानेवारी १९२७, असा आठवडाभर तो बांडुंगमध्ये चालला. हेतू उत्तम, गोष्ट अस्सल, माणसं घरंदाज. तरी त्यातून धंदा उभा राहिला नाही.

पुढच्या वर्षांत शांघायहून आलेले वाँग बंधू, तान्स फिल्म आणि तेंग चुन यांनी चित्रपट काढले. भांडवल बहुतेक चिनी होतं. १९२९ चा ‘न्याय दासिमा’ लक्षात घेण्यासारखा. गोऱ्या साहेबाच्या घरी लग्नाविना राहणारी दासिमा आणि तिच्या पैशावर डोळा ठेवून तिला फसवणारा माणूस, ही कथा १८९६ मध्ये छापली गेली आणि रंगमंचावर वर्षानुवर्षं गाजली. चित्रपटवाल्यांनी ती उचलली, कारण त्यांचा प्रेक्षक ती आधीच पाठ करून बसलेला होता. तिथल्या निर्मात्यांना एवढं कळलं होतं. पण अजून त्यांनी नाटकातली माणसं उचलली नव्हती.

माणसं होती कुठे? ती १९२५ ते १९३५ या दहा वर्षांत दोन कंपन्यांत होती. बटाव्हियातली ‘ओरायन’ मिस रिबुत या नायिकेच्या नावावर चाले. ही बाई रंगमंचावर तलवार चालवी आणि दरोडेखोरणीचं काम करून टाळ्या घेई. दुसरी ‘दार्दानेला’, १९२६ मध्ये सिदोआर्जो इथे निघालेली. तिचा मालक पिनांगला जन्मलेला रशियन वंशाचा विली क्लिमानोव्ह, रंगमंचावरचं नाव पिएद्रो. त्याच्याकडे मिस जा आणि तान च्येंग बोक होते. बोकला लोक जावाचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. पिएद्रोनं अरबी रात्री बाजूला ठेवल्या, आजच्या काळातली नाटकं आणली, मधले ‘एक्स्ट्रा टर्न’ कमी केले. मग ओरायनची चांगली माणसं दार्दानेलानं ओढली आणि १९३४ मध्ये ओरायन बसली. दार्दानेला सयाम, ब्रह्मदेश, हिंदुस्थान करत युरोपकडे गेली आणि वाटेतच विरली. मिस जा पुढे अमेरिकेची नागरिक झाली.

नाटकातली ही माणसं कॅमेऱ्यासमोर उभी करायचा पहिला मोठा प्रयोग सिंगापुरात झाला, आणि तो पुन्हा मुंबईच्या पैशावर. मुंबईच्या मोतीलाल केमिकल कंपनीनं ‘लैला मजनू’ काढायचं ठरवलं. दिग्दर्शक बी. एस. राजहंस हा पंजाबी, नटनट्या बंगसावानमधल्या, भाषा मलाय. मार्च १९३४ मध्ये बीच रोडवरच्या मार्लबरो थिएटरात तो लागला. हा सिंगापूर-मलायातला पहिला मलाय बोलपट. इकडे ‘आलम आरा’ १९३१ मध्ये जोसेफ डेव्हिडच्या पारशी नाटकावरून झाला होता. म्हणजे बोलू लागल्यावर सिनेमानं दोन्हीकडे आधार शोधला तो पारशी रंगभूमीच्या गाण्यांत. एकीकडे ती घरची होती, दुसरीकडे पन्नास वर्षांपूर्वी आगबोटीनं गेलेली.

आता जावात परत येऊ, कारण या गोष्टीतला सर्वांत बोलका प्रसंग तिथला आहे. अल्बर्ट बालिंक हा डच पत्रकार. त्यानं हॉलंडहून मानुस फ्रांकन या नावाजलेल्या माहितीपटकाराला आणलं, वाँग बंधूंना बरोबर घेतलं आणि १९३६ मध्ये ‘पारे’ काढला. पारे म्हणजे भात. कोळ्याचा मुलगा आणि शेतकऱ्याची मुलगी, दोन गावांच्या रूढी, भातखाचरांची अप्रतिम दृश्यं. खर्च ७५,००० गुल्डन, तिथल्या नेहमीच्या चित्रपटाच्या वीसपट. हॉलंडमध्ये कौतुक झालं. जावात लोक गेले नाहीत. आपल्याच शेताचं चित्र बघायला शेतकरी पैसे का देईल, हा प्रश्न बहुधा कोणाच्या मनात आला नव्हता. निर्मात्यांचं दिवाळं वाजलं.

बालिंकला ठेच लागली आणि शहाणपण आलं. पुढच्या वर्षी त्यानं सारून या पत्रकाराकडून ‘तेरांग बुलान’ लिहून घेतला. हॉलिवूडच्या ‘जंगल प्रिन्सेस’मध्ये डोरोथी लॅमूर सारोंग नेसून गाजली होती, ती कल्पना उचलली. कथा सावोबा बेटावरची. नकाशात हे बेट शोधू नका. सारून, वाँग आणि बालिंक यांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ते झालंय. रोहाया आणि कासिमचं प्रेम, बाप तिला अफूच्या व्यापाऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला, दोघं पळून मलाक्क्याला जातात. नायक राडेन मोख्तार ‘पारे’मधलाच. नायिका मात्र आली रंगमंचावरून.

तिचं नाव रुकिया. १९१७ मध्ये बांडुंगमध्ये जन्मली. आईवडील नाटक कंपनीतले, लहानपण तंबूत गेलेलं, क्रोंचोंग गाण्यात नाव मिळवलेलं. तिचा नवरा कार्तोलो हाही नाटकातलाच, त्यानंही चित्रपटात काम केलं. चाळीस वर्षं गावोगाव हिंडून नाटकवाल्यांनी जे शिकून ठेवलं होतं, म्हणजे कुठे गाणं टाकायचं, कुठे हसवायचं, नायिकेला कधी रडवायचं, ते या चित्रपटात पहिल्यांदा नीट उतरलं. ‘तेरांग बुलान’ डिसेंबर १९३७ मध्ये बटाव्हियात लागला आणि गर्दी हटेना. सिंगापूर-मलायात हॉलिवूडच्या आरकेओ कंपनीनं तो वितरित केला; तिथे दोन महिन्यांत २,००,००० स्ट्रेट्स डॉलरचा गल्ला झाला, असं त्या वेळचं वृत्त आहे. गंमत म्हणजे काढणाऱ्या कंपनीनं यानंतर कथाचित्रं बंदच केली. तान्स फिल्मनं रुकिया, मोख्तार आणि इतरांना उचलून १९३८ मध्ये ‘फातिमा’ काढला, तोही चालला. मोख्तार सोडून गेला तेव्हा त्याच्या जागी जुमाला आला; तो शिंपी होता. जोडी तरीही चालली, कारण लोक रुकियाचं गाणं ऐकायला येत होते.

मग १९४२ मध्ये जपानी आले. स्टुडिओ बंद झाले आणि नटांना प्रचाराच्या नाटकांना जुंपलं गेलं. रुकियाही त्यात होती. २ सप्टेंबर १९४५ रोजी, इंडोनेशियाचं स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर सोळाच दिवसांनी, ती वारली. वय सत्तावीस. ‘तेरांग बुलान’ची प्रत आज कुठेही शिल्लक नाही. पिनांगकडे मात्र धागा तुटला नाही. युद्धानंतर शॉ बंधूंनी सिंगापुरात स्टुडिओ पुन्हा उभा केला, बंगसावानमधल्या नटांना पगारावर ठेवलं आणि राजहंससारखे दिग्दर्शक हिंदुस्थानातून बोलावले. राजहंसच्याच ‘चिंता’मधून १९४८ मध्ये पी. रामली नावाचा पिनांगचा पोरगा पडद्यावर आला, आणि पुढची पंचवीस वर्षं मलाय सिनेमा म्हणजे तोच.

‘तेरांग बुलान’ चित्रपट हरवला, पण त्याच नावाचं एक गाणं हरवलं नाही. त्याची चाल पेराक संस्थानाच्या राजगीताची. फिरत्या नाटक कंपन्यांनी तिला प्रेमगीताचे शब्द घातले आणि बंदराबंदरांतल्या हॉटेलांत, नाचघरांत ती वाजत राहिली. १९५७ मध्ये मलाया स्वतंत्र झाला तेव्हा नव्या देशानं राष्ट्रगीतासाठी तीच चाल निवडली, आणि पुढे ती मनोरंजनाचं गाणं म्हणून वाजवायला कायद्यानं बंदी घातली.